उजव्या दावणीचं रक्त

गुरांच्या डॉक्टरबाईंनी अहवाल जेवणाच्या टेबलावर पसरला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाल्या, "हे काही मला पटत नाही."

थोरल्या मुलानं चहात बुडवलेलं बिस्कीट तिथंच मऊ होऊन तळाला गेलं. धाकट्या सुनेनं मांडीवरच्या बाळाची मूठ कागदापासून लांब धरली. सात महिन्यांची पोर, हाताला लागेल ते तोंडात घालायची.

"पटत नाही म्हणजे?" तिच्या नवऱ्यानं, धाकट्यानं विचारलं. तो दूध संकलन केंद्रावरून तसाच आला होता, बाह्या अजून ओल्या होत्या.

"सरासरी काढली तर तुमच्या गाई ठणठणीत आहेत. साखर बरोबर, युरिया बरोबर. पण एकेक गाय बघायला गेलं तर एकही धड नाही. हे बघा. एक नंबर, युरिया शेहेचाळीस. दोन नंबर, नऊ. तीन, एक्कावन्न. चार, अकरा. कागदभर नुसते करवतीचे दात. एका गोठ्यात, एकाच हातचं खाणाऱ्या सोळा गाई अशा निघत नाहीत."

"युरिया जास्त म्हणजे काय?" थोरली सून ओट्यापाशी उभी होती, तिथूनच तिनं विचारलं. गेला महिनाभर ती टेबलाशी बसायची बंद झाली होती.

"पेंड जास्त. रक्तातला युरिया म्हणजे गाईनं काय खाल्लं त्याची पावतीच म्हणा. तो कमी आणि हे दुसरं, कीटोन, जास्त, म्हणजे पोटात पुरेसं जात नाही. अंगावरची चरबी जाळून बाई दूध देतेय. अशी गाय आटते, नाहीतर बसते."

"आपल्या दोन बसल्या," धाकटी म्हणाली.

"म्हणूनच म्हणते. एकीच्या रक्तात खाऊन खाऊन अजीर्ण आणि शेजारणीच्या रक्तात उपासमार? नळ्यांची अदलाबदल झालीय. दुसऱ्या कुणाच्या गोठ्यातल्या नळ्या यात मिसळल्या असतील, नाहीतर..." त्यांनी वाक्य अर्धंच ठेवलं आणि धाकटीकडे पाहिलं.

मग सगळ्यांनीच पाहिलं.

नळ्यांवर नंबर धाकटीनं घातले होते. गाईंच्या मानेतून रक्त काढायला डॉक्टरबाई, मान धरायला थोरला, आणि राखाडी बुचाची साखरेसाठी, लाल बुचाची बाकीच्या तपासण्यांसाठी अशी जोडी लावून चिठ्ठी चिकटवायला धाकटी. तपासणीचा हट्टही तिचाच. दोनशे लिटरवरचं दूध दोन महिन्यांत दीडशेवर आलं, तेव्हा घरात आधी थोरलीच्या हाताला दोष लागला. दूध काढायचं यंत्र ती लावायची. मग दोष गाईंवर गेला. थोरल्यानं आठ गाईंची यादी केली, व्यापाऱ्याला सोमवारचा वार दिला. तेव्हा धाकटी बोलून बसली होती, "विकायच्या आधी रक्त तरी बघू या. आजार असेल तर कळेल, नसेल तर खाण्यातलं कळेल." लग्नाआधी दोन वर्षं तिनं माणसांच्या रक्ताच्या प्रयोगशाळेत काम केलं होतं. एवढं एकच काम तिला या घरात कुणी न शिकवता येत होतं.

"माझ्या हातून नळी चुकत नाही," ती म्हणाली. आवाज तिला हवा होता त्यापेक्षा बारीक निघाला.

---

थोरल्याला हसूच आलं. रागानं आलेलं हसू होतं ते.

"बाळ काखेत, पेन दातात आणि नळी हातात. चुकणार नाही तर काय! मी पहिल्या दिवसापासून सांगतोय, गाय बघून कळते. आता रक्त झालं, पुढच्या महिन्यात एक्स-रे काढू, त्याच्या पुढच्या महिन्यात चष्मे लावू एकेकीला."

"दादा, पुरे," धाकटा म्हणाला, पण बायकोकडे न बघता.

"पुरे तर पुरे. सोमवारी गाडी येतेय. आठ गाई जातील, आठ राहतील. विषय संपला."

विषय संपला असं तो दर जेवणाला म्हणायचा आणि दर जेवणाला विषय पुन्हा ताटात पडायचा, हे त्यालाही कळत होतं. त्या आठातल्या सहा गाईंना त्यानं वासरू असताना बाटलीनं दूध पाजलं होतं. यादी करताना हात जड झाला होता. म्हणून तर त्याला घाई होती.

"मी चुकले असते तर एखादी नळी चुकली असती," धाकटी म्हणाली. "दोन चुकल्या असत्या. एकाआड एक, बरोबर एकाआड एक कशी चुकेन मी?"

"आणि मी तुम्हाला कानातल्या बिल्ल्याचे नंबर लिहायला सांगितले होते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुम्ही एक, दोन, तीन घातलेत. प्रयोगशाळेनं मला फोन करून विचारलं, गाई आहेत की शाळेतली मुलं."

"ते खुंट्याचे नंबर आहेत."

"ते बाकी खरं," थोरल्याच्या तोंडून निघून गेलं. "आमच्याकडे बिल्ल्यानं कुणी ओळखत नाही. सातवी लंगडतेय, बारावी व्यायली, असंच बोलतो आम्ही. गोठा बांधला तेव्हा बाबांनी खांबांवर रंगानं नंबर घातले. दारातून आत गेलं की डावीकडे एक, समोर उजवीकडे दोन. डावीकडे तीन, उजवीकडे चार..."

तो थांबला. धाकटीनं पेन उचललं होतं. बाळाला एका हातानं छातीशी धरून ती कागदावरच्या एकाआड एक आकड्यांभोवती गोल काढत होती. एक. तीन. पाच. सात. गोल काढून झाल्यावर तिनं कागद डॉक्टरबाईंकडे वळवला.

"या सगळ्या डाव्या दावणीच्या."

थोरली ओट्यापासून आली आणि महिन्याभरानं पहिल्यांदा खुर्ची ओढून टेबलाशी बसली.

"डाव्या दावणीचं शेण पातळ पडतंय," ती म्हणाली. "दोन महिने झाले. मी यांना सांगितलं होतं. हे म्हणाले, मुरघासाचा चारा नवीन काढलाय, बसेल पोट."

"आणि उजवीकडच्या?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"त्या हंबरतात," धाकटी म्हणाली. "पहाटे, आंबोण घालून झालं की. माझी खोली गोठ्याच्या भिंतीला लागून आहे. बाळ रोज त्यानंच उठतं."

डॉक्टरबाईंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि कागद पुन्हा वाचला, या वेळी सावकाश, एक ओळ सोडून एक.

"मग नळ्या बरोबर आहेत. माफ करा मला. तुमच्या डाव्या दावणीला दुप्पट पडतंय आणि उजवीला पडतच नाही. रोज नसेल, पण पुष्कळदा. चारा सगळ्यांना मिळतो म्हणून उभ्या तरी आहेत." त्यांनी मान वर केली. "आंबोण कोण घालतं?"

त्यांना ते माहीत होतं. इथं येणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. पेंड, भरडा आणि खनिजाची पूड यांचं मिश्रण चाळीस वर्षं एकाच माणसानं एकाच मापानं कालवलं होतं. पहाटे आणि साडेचारला, एका चाकाच्या गाडीतून. एक गाडी डावीकडे. कोठीत जाऊन ती पुन्हा भरायची. दुसरी गाडी उजवीकडे. त्या वेळात गोठ्यात दुसऱ्या कुणी पाऊल टाकायचं नाही, गाई बिथरतात, असा दंडक. अर्ध्या तासात गव्हाणी चाटून पुसून स्वच्छ. कुणाला घातलं नि कुणाला नाही, नंतर बघून कळायची सोयच नव्हती.

थोरला उठला आणि गोठ्याकडचं दार लावून आला.

"या खोलीत बाबांचं नाव घ्यायचं नाही."

"दादा, पण कागदावर..." धाकटी म्हणाली.

"कागद जाळ. सोमवारी आठ गाई जातील. सगळ्या म्हाताऱ्या झाल्यात, आटल्यात, काय सांगायचं ते मी सांगेन."

"त्यांची काय चूक?"

"गाई आणखी मिळतात!" तो ओरडला, आणि लगेच दाराकडे बघून आवाज खाली आणला. "गाई मिळतात. तो माणूस कोठीची किल्ली करगोट्याला बांधून झोपतो. गाडी काढून घेतलीत त्याच्या हातातून, तर काय उरेल? सांग ना. शिकलेली आहेस."

"दादा बरोबर बोलतोय," धाकटा हळूच म्हणाला. धाकटीनं नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. त्यानं बाह्या खाली सोडल्या, पुन्हा वर केल्या.

"आणि मी?" थोरली म्हणाली. "दोन महिने माझा हात वाईट होता. यंत्र नीट लावत नाही, सड दुखावते, लक्ष नाही कामात. तेव्हा नाही कुणी उठून दार लावलं."

थोरल्यानं कपातलं बिस्कीट चमच्यानं ढवळलं.

"आई," थोरली म्हणाली, "तुम्ही का गप्प?"

---

आई खिडकीशी बसली होती, प्लास्टरमधला पाय स्टुलावर टाकून. बाराव्या गाईच्या मागं घसरून घोटा मोडला त्याला दोन महिने होत आले होते. या दोन महिन्यांत तिनं सुना नि लेक यांच्या तोंडून दूध कमी झाल्याचा हिशेब रोज ऐकला होता, आणि रोज मनात म्हटलं होतं, एवढं प्लास्टर निघू दे.

आता सगळे तिच्याकडे वळले आहेत हे तिला न बघता कळलं. धाकटीची नजर तर दोन-तीन मिनिटांपासून तिच्यावरच होती. ही मुलगी फार बघते. पहिल्या आठवड्यातच हे आईच्या लक्षात आलं होतं.

"दीड वर्ष झालं," आई म्हणाली.

तिनं स्टुलावरचा पाय जरा सरकवला.

"पहिल्यांदा झालं तेव्हा मी पाण्याची टाकी घासत होते. डावीकडं घालून झालं, कोठीतून गाडी भरून आणली आणि पुन्हा डावीकडंच सुरू. मी म्हटलं, अहो, हे काय? तर असं बघितलं माझ्याकडं..." तिनं ते कसं बघितलं ते दाखवायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. "मग मी हाक मारायची बंद केली. फडकं टाकायला लागले."

"कसलं फडकं?" धाकट्यानं विचारलं.

"तो निळा तुकडा रे. डावीकडं घालून ते कोठीत गेले की मी कठडा पुसल्यासारखं करायचे आणि फडकं डाव्या दावणीच्या तोंडाशी गजावर टाकायचे. परत आले की फडकं दिसायचं. फडकं दिसलं की उजवीकडं वळायचे. का वळतोय ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. दोन्हीकडं झालं की मी काढून घ्यायचे."

"तुझ्या त्या पुसण्यावर आम्ही हसायचो," थोरला म्हणाला. "गोठ्याचा दिवाणखाना करतेस म्हणून."

"हसायचात. बरंच होतं ते."

"मग पडल्यावर तरी सांगायचंस ना, आई!"

"काय सांगायचं होतं? तुमचा बाप घास कुणाला भरवला ते विसरतो म्हणून? सहा आठवड्यांचा प्रश्न होता. वाटलं, निभेल. गाय काय बोलून दाखवणार होती?" तिनं टेबलावरच्या कागदाकडं बघितलं. "आपलं मेलं ते रक्त बोललं."

धाकटी बाळाला घेऊन उठली होती. तिचे हात पोरीभोवती इतके आवळले होते की पोर कुरकुरली.

"आई, ते रोज हिला घेऊन फिरायला जातात. विहिरीपर्यंत. तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही मला बोलला नाहीत."

"नातीला नाही विसरणार ते."

"गाईंना विसरतील असं वाटलं होतं तुम्हाला?"

हे बोलून धाकटीचा चेहरा स्वतःच्याच बोलण्यानं उतरला. पण शब्द मागं घेतले नाहीत तिनं. या घरात आल्यापासून ही पोरगी पहिल्यांदा आपल्याला तोडून बोलली, आणि चुकीचं बोलली नाही, एवढं आईच्या मनात आलं. चाळीस वर्षं जिथं बसून ती दुसऱ्यांच्या चुका मोजत आली होती, त्याच खुर्चीत आता ती चुकीची होती.

डॉक्टरबाई पॅडवर लिहीत होत्या. बराच वेळ लिहायचं असावं असं दाखवत होत्या.

"उजवीकडच्या आठही गाईंना हे गोड औषध पाच दिवस पाजा. डावीकडचं आंबोण दोन दिवस निम्मं. नीट खाणं मिळालं तर महिन्याभरात दूध वर येईल. दोन आठवड्यांनी मी पुन्हा रक्त घेईन. विकायची एकही गाय नाही यात." त्यांनी कागद फाडून थोरल्यापुढं सरकवला. "हे गाईंचं झालं. बाबांसाठी माणसांचा डॉक्टर गाठा. उशीर करू नका."

"डॉक्टर नंतर," आई म्हणाली. "आज साडेचारला कुणीतरी फडकं टाका. माझा पाय बरा होईपर्यंत टाका. त्यांना कळायचं नाही. गाईंनाही मिळेल, त्यांची गाडीही राहील. एवढं करा माझ्यासाठी."

थोरल्यानं मान हलवली. धाकट्यानंही. टाकायचं कुणी, यावर मात्र दोघंही जमिनीकडं बघायला लागले. थोरलीला त्या वेळी यंत्राची भांडी धुवायची असत.

"मी टाकते," धाकटी म्हणाली.

---

जुनं फडकं सापडलं नाही. तिनं निळ्या चादरीचा एक तुकडा फाडला, घडी करून ओढणीखाली धरला आणि पाण्याच्या टाकीमागं जाऊन उभी राहिली. बाळ नवऱ्याकडं होतं. निघताना तिनं त्याला तीनदा बजावलं होतं, खाली ठेवू नकोस म्हणून, आणि तो चिडला नव्हता.

बाबा ठरल्या वेळी आले. गाडीचं चाक कुरकुरत होतं. त्यांना काम करताना इतक्या जवळून तिनं आजवर पाहिलं नव्हतं, दंडकामुळं. पत्र्याचं माप भरलं की तळहातानं वरचा थर सपाट करायचे. पहिलीला दोन मापं. तिसरीला दीड, कारण ती अडीच महिन्यांवर व्यायला आली होती. पाचवीला दोन आणि वर एक मूठ. "तुला जास्त लागतं बाई, तुझं पोट म्हणजे पोतं," पाचवीला म्हणाले. कुणाला किती ते कुठंही लिहिलेलं नव्हतं आणि एकदाही चुकलं नाही. किती घालायचं ते विसरत नव्हते ते. घातलं की नाही, तेवढंच.

डावी दावण संपली. गाडी घेऊन ते कोठीत गेले. उजवीकडच्या आठ माना एकदम त्या दिशेला वळल्या आणि चौदावी हंबरली.

धाकटी टाकीमागून आली. गजावर तुकडा टाकला. तो घसरून खाली पडला. तिनं उचलून पुन्हा टाकला, आणि चाकाचा आवाज दारात थांबला.

"तू काय करतेस इथं?"

"कठडा पुसत होते, बाबा. आईंनी सांगितलं. त्यांना जमत नाही ना सध्या."

ते गाडी टेकवून पुढं आले. त्यांनी तुकडा दोन बोटांत धरून पाहिला.

"कोरडा आहे."

"कोरड्या फडक्यानं कठडा पुसत नाहीत. ती ओलं टाकायची." त्यांनी तुकडा सोडला नाही. डावीकडं पाहिलं. आठ नाकं गव्हाणीत खुपसलेली, खाण्याचा खळखळ आवाज. मग उजवीकडं. तिथं नुसते डोळे. किती तरी वेळ ते एकदा इकडं, एकदा तिकडं बघत राहिले. कुणी दिलेलं गणित सोडवावं तसं. "ती पडल्यापासून कुणी फडकं टाकलं नाही. आज टाकतेस. आज डॉक्टरीण आली होती."

"हो."

"काय निघालं रक्तात?"

खोटं तिच्या ओठांवर तयार होतं. खोलीत सगळ्यांनी मिळून ते तयार केलं होतं. पण तुकडा धरलेले हेच हात उद्या बाळासाठी पुढं येतील, हे तिला दिसलं.

"उजवीकडच्या उपाशी आहेत, बाबा."

ते चौदावीपाशी गेले. तिच्या कमरेच्या हाडापुढं खळगा पडला होता. तिथं त्यांनी पंजा ठेवला. पूर्ण पंजा त्यात मावला.

"आणि मी रोज हिच्यासमोरून जातो," ते म्हणाले. मग, "ती पुसत नव्हती तर."

"नाही."

"पोरांना माहीत आहे?"

"आज कळलं."

त्यांनी सदऱ्याची बाही कोपरापर्यंत वर ओढली. दंडाची शीर दोरीसारखी उठून दिसत होती. "माझं घेतलं, तर त्यात दिसेल?"

"नाही बाबा. ते रक्तात दिसत नाही."

"मग गाईंचं बरं आहे," ते म्हणाले.

गाडीपाशी परत येऊन त्यांनी उजवी दावण घातली. दुसरी, चौथी, सहावी. मापावरचा थर तसाच तळहातानं सपाट करत. चौदावीला घालून झाल्यावर थोडा वेळ तिच्या गव्हाणीशी वाकून उभे राहिले, ती खाते की नाही ते बघत. सोळावीनंतर माप गाडीत पालथं टाकलं, कमरेला हात घालून गाठ सोडली आणि किल्ली धाकटीपुढं धरली.

"थोरल्याला दे. म्हणावं, पाचवीला मूठभर जास्त लागतं."

"बाबा, तुम्ही आणि दादा मिळून घाला ना. ते नुसते सोबत..."

"मागं माणूस ठेवून गाडी ढकलायची?" त्यांनी मान हलवली. "नको. गाई बिथरतात."

हौदावर हात धुऊन ते ओसरीवर आले. धाकटा बाळाला घेऊन तिथंच उभा होता. ही त्यांची फिरायला जायची वेळ. पोरीनं त्यांना बघताच दोन्ही हात पुढं टाकले, अंग झोकून दिलं.

बाबांनी हात पाठीमागं नेले. एका हातानं दुसऱ्याचं मनगट धरलं, घट्ट.

"आईकडं जा हं," ते नातीला म्हणाले आणि आत गेले.

आपल्याला हायसं वाटलं, हे धाकटीच्या लक्षात आलं. त्या क्षणी ते तिला कुणापासूनच लपवता आलं नाही, आणि खिडकीतून आई बघत होती.

---

पहाटे तिला जाग आली ती सवयीनं. काहीतरी व्हायचं राहिलंय असं वाटून ती तशीच पडून राहिली. मग समजलं. थोरल्याची पावलं गोठ्यात जाऊन परत कोठीकडं गेली होती, पुन्हा गोठ्यात आली होती, आणि एकही गाय हंबरली नव्हती. बाळ मुठी उघड्या टाकून झोपलं होतं. दोन महिन्यांत या वेळेला ते कधी झोपलेलं नव्हतं.

भिंतीपलीकडं सासू-सासऱ्यांची खोली. पलंग करकरला. जमिनीवर गोठ्यातल्या बुटांचा आवाज झाला, दोन पावलांचा, आणि थांबला. दार उघडलं नाही.

"घातलं का सगळ्यांना?" बाबांचा आवाज.

"घातलं," आई म्हणाली. "थोरला गेलाय."

"दोन्हीकडं?"

"दोन्हीकडं."

नुसतं खाणं चाललं असावं गोठ्यात. कान दिला तर सोळा जबड्यांचा आवाज यायचा, पाऊस लांब असल्यासारखा. धाकटीनं पोरीच्या पोटावर हात ठेवला, श्वास वर येईपर्यंत थांबली, पुन्हा थांबली.

"घातलं का सगळ्यांना?"

आईच्या आवाजात काही बदल झाला नाही. पहिल्यांदाच विचारल्यासारखं तिनं उत्तर दिलं.

"घातलं. थोरला गेलाय."

"दोन्हीकडं?"

"दोन्हीकडं, अहो. निजा आता."

पण बूट काढल्याचा आवाज आला नाही. धाकटी अंधारात डोळे उघडे ठेवून पडून राहिली, भिंतीकडं तोंड करून, तिसऱ्यांदाची वाट बघत.